पाच उत्तरं

माझा डावा कान मोडका आहे. गावी गेलो की एसटी स्टँडवर म्हातारी माणसं थांबवून विचारतात, "कुठल्या तालमीचं?" आणि मी काहीतरी पुटपुटून पुढे सरकतो. खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो आणि ती अर्ध्या मिनिटात हरलो.

आमच्या कोल्हापूरकडे पैलवानाची पारख कानावरून होते. रगड बसून बसून कानात रक्त साकळतं, मग ते वाळतं आणि कानाच्या जागी वाळक्या जर्दाळूसारखा एक गोळा उरतो. माझ्या वडिलांचे दोन्ही कान तसे होते. भरल्या एसटीत त्यांना उठून जागा देणारे लोक मी पाहिलेत. बारा वर्षांचा असताना गावच्या जत्रेत त्यांनी मला आखाड्यात उतरवलं. समोरच्या पोराने मला धरलं, उचललं आणि आपटलं. मला आकाश दिसलं आणि संपलं. वडील आखाड्यात आले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी माझ्या कानफटात लगावली. "ह्यो कान नुसता ऐकायला न्हाई दिल्याला," ते म्हणाले. दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती. त्यानंतर मी तालमीची पायरी चढलो नाही. रसायनशास्त्र शिकलो, अमेरिकेत आलो, नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला घर घेतलं आणि औषधांच्या कंपनीत गोळ्या किती वेळात विरघळतात हे बघायच्या कामाला लागलो.

वडिलांचा राग मात्र न मागता वाट्याला आला. तो इथे वापरायची सोय नाही. हायवेवर कुणी आडवं आलं तरी आपण स्टिअरिंग आवळून गप्प बसायचं, मीटिंगमध्ये कुणी आपलं काम स्वतःच्या नावावर खपवलं तरी हसून "ग्रेट पॉइंट" म्हणायचं. पंचवीस वर्षं माझे हात शिवशिवत होते आणि मी ते खिशात घालून फिरत होतो.

आमच्यापासून तिसऱ्या घरात नवा माणूस राहायला आला आणि एका सकाळी कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आला. मला त्याचा कान दिसला. मी भर रस्त्यात गाडी थांबवली, काच खाली केली आणि ओळख ना पाळख, विचारलं, "रेसलिंग?"

"रग्बी," तो म्हणाला.

तो आयरिश होता, पंचावन्नच्या आसपासचा. बायको इथलीच, तिच्या आईजवळ राहता यावं म्हणून दोघं आले होते. एके काळी तो देशाकडून खेळलेला होता. इथे गावातल्या क्लबमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलींना रग्बी शिकवायचा, म्हणून सगळे त्याला कोच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. मीही तेच म्हणायला लागलो.

शनिवारी दुपारी तो गॅरेजचं शटर वर करून, काळा चष्मा लावून, सुजलेला गुडघा बर्फाच्या बादलीला टेकवून बसायचा. मी भडंगाचा डबा घेऊन जायचो. त्याला भडंग भयंकर आवडलं. त्याच्या दोन बोटांची टोकं कधीच सरळ होत नसत, त्यामुळे तो मुठीने खायचा. त्याचं इंग्रजी सुरुवातीला मला निम्मंच कळायचं, पण मारामारीची गोष्ट निम्मी कळली तरी पुरते.

तो स्क्रमच्या पहिल्या ओळीत, मधोमध खेळायचा. स्क्रम म्हणजे या बाजूचे आठ आणि त्या बाजूचे आठ गडी वाकून एकमेकांच्या खांद्यांत डोकी अडकवतात आणि रेड्यांसारखे ढकलतात. मधल्या गड्याचे दोन्ही हात दोन्हीकडच्या सोबत्यांच्या गळ्यात असतात. म्हणजे समोरच्याने तोंडावर ठोसा मारला तरी त्याला तोंड झाकता येत नाही. पहिल्या मोठ्या सामन्यात पहिल्याच स्क्रमला त्याचे दोन दात गेले. ते त्याने थुंकले आणि दुसऱ्या स्क्रमला समोरच्याचा कान दातात धरला. "उरलेले दात कामाला आले," तो म्हणाला. तेव्हा खेळाडूंना पगार नव्हता. तो दिवसा खाटकाच्या दुकानात अख्खी गुरं खांद्यावरून वाहायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. कपाळ फुटलं की बाकावर बसवून, भूल न देता टाके घालायचे आणि परत मैदानात. एकदा त्याने टी-शर्ट वर करून पाठ दाखवली. जुन्या काळी खाली पडलेल्या माणसाला बुटांनी तुडवून बॉलपासून बाजूला करायची पद्धत होती. पाठीवर पांढरे पट्टे होते, नांगरल्यासारखे.

त्यानेही कमी केलं नव्हतं. एकाचा जबडा त्याने मोडला होता, रेफरी दुसरीकडे बघत असताना. "मला ते आवडायचं," तो साधेपणाने म्हणाला. "आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल." आणि मलाही ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू? मी घरी जायचो तेव्हा मुठी वळलेल्या असायच्या आणि फार दिवसांनी कुणीतरी माझ्या भाषेत बोलल्यासारखं वाटायचं.

त्याच्या शेवटच्या सामन्याची गोष्ट त्याने अशाच एका शनिवारी सांगितली. इंग्लंडमधलं मैदान. त्याचं डोकं कुणाच्या तरी कमरेच्या हाडावर आदळलं. डॉक्टर धावत आला. डोकं ठिकाणावर आहे का हे बघायला असे प्रश्न विचारतात: मैदान कुठलं, पहिला हाफ की दुसरा, शेवटचा गुण कुणाचा. याला एकही उत्तर येईना. पण त्याचा मित्र त्याला धरून उभा होता, त्याच्याच गावचा. त्यांच्या पश्चिम किनाऱ्यावर घरात त्यांची जुनी आयरिश भाषा बोलतात. डॉक्टर इंग्रज, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मित्र धीर दिल्यासारखं दाखवून त्याच्या कानात एकेक उत्तर सांगत गेला, आणि कोचने ती पोपटासारखी म्हटली. डॉक्टरने सोडलं.

मी मांडीवर थाप मारून हसलो. काय युक्ती! कोच पुढेही काही सांगत होता. उरलेला अर्धा सामना त्याला आजतागायत आठवत नाही, परतताना बसमध्ये त्याने त्याच मित्राचं नाक फोडलं, नंतर कित्येक महिने तो अंधाऱ्या खोलीत होता आणि पुन्हा कधी खेळला नाही. हे सगळं त्याने सांगितलं असणार, कारण मला आता ते माहीत आहे. पण त्या दिवशी मी युक्तीवरच खूश होतो. गोष्टीचं शेपूट माझ्या कानावरून गेलं.

माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. व्हायोलिन सोडलं होतं, स्विमिंग सोडलं होतं, आणि माझ्या दहा मराठी वाक्यांना एका इंग्रजी शब्दात उत्तर द्यायची. एकदा ती मला जेवायला बोलवायला गॅरेजवर आली आणि कोचने तिच्याकडे बॉल फेकला. "आधी पडायला शीक," तो म्हणाला आणि त्याने तिला गवतावर वीसेक वेळा पाडलं. विसाव्यांदा तिने त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांना मिठी घालून त्यालाच पाडलं. तो आडवा पडून हसत होता. तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि तीही हसत होती. मी माझ्या पोरीला तसं हसताना पाहिलंच नव्हतं.

दोन वर्षांत ती टीममधली सगळ्यात जबर टॅकल करणारी मुलगी झाली. बॉल जिच्या हातात असेल तिला पाडायचं, एवढंच तिचं काम. मैदानाभोवती दोरी बांधलेली असायची आणि त्या दोरीशी उभा राहून मी मराठीत ओरडायचो, "धर! पाड तिला! उचल आणि आपट!" शेजारचे अमेरिकन पालक हसायचे, त्यांना सवय झाली होती. "बाबा, स्टॉप, यू आर सो लाउड," लेक घरी येताना म्हणायची. मी कशाला थांबतोय? ती कुणाला आपटायची तेव्हा मी जत्रेतल्या त्या पोराला आपटत असायचो.

कोच मैदानावर मात्र निराळाच माणूस होता. पालकांच्या पहिल्याच मीटिंगला त्याने सांगितलं होतं, "डोक्याला लागलं की मी स्वतः पाच प्रश्न विचारणार. एक उत्तर चुकलं की मुलगी बाहेर. फायनल असली तरी." मी बायकोला म्हटलं, करून करून भागला आणि देवपूजेला लागला. तिला हसू आलं नाही. तिला कोचच्या बायकोने सांगितलेलं माहीत होतं. कोचचं डोकं आता साथ देत नव्हतं. गाडी कुठे लावली, गॅस बंद केला का, कुठल्या मुलीला दमा आहे, हे सगळं तो एका रबरबँड लावलेल्या छोट्या वहीत लिहायचा आणि वही मागच्या खिशात ठेवायचा. उजेड सहन व्हायचा नाही. कधी कधी विनाकारण भडकायचा. गॅरेजच्या आतल्या भिंतीला मुठीच्या आकाराची भोकं होती. मी ती पाहिली होती आणि काही विचारलं नव्हतं. एकदा त्याने उकळत्या पाण्याची किटली बायकोच्या दिशेने फेकली होती. ती बेडरूमचं दार आतून लावून झोपायची.

"त्या पोरी आहेत म्हणून तो माणसात आहे," ती माझ्या बायकोला म्हणाली होती. "ते गेलं तर काय होईल मला माहीत नाही."

फायनल शार्लटला होती, मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी. आम्ही तीन गुणांनी मागे होतो आणि बारा मिनिटं उरली होती. समोरची एक धिप्पाड मुलगी बॉल घेऊन रेषेच्या कडेने, म्हणजे माझ्यासमोरूनच, सुसाट निघाली. माझी लेक तिरकी धावत आली आणि खाली वाकली. टॅकल बरोबर होती, पण त्या मुलीचा गुडघा वर आला आणि हिच्या कानशिलावर बसला. देवळाच्या पायरीवर नारळ आपटावा तसा आवाज आला. दोघी पडल्या. ती मुलगी उठली. माझी नाही.

मग तीही उठून बसली. तोंडातलं गार्ड काढून हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. दुखापती बघणारा टीमचा ट्रेनर पलीकडच्या मैदानावर कुणाचं तरी मोडलेलं बोट बांधत होता. कोच लंगडत आला आणि माझ्याकडे पाठ करून तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मी दोरीला टेकून उभा होतो. आमच्यात सहा-सात पावलं असतील.

"हे मैदान कुठल्या गावातलं?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीही नव्हतं. खिडकी उघडी आणि घरात कुणी नाही, असं. बापाला तेव्हा काय वाटायला पाहिजे हे मला माहीत आहे. मला वाटलं ते असं: आता ही हरून बाहेर येणार, सगळ्यांसमोर.

"शाब्बास माझी वाघीण," मी नेहमीच्याच सुरात म्हणालो, "शार्लट, शार्लट, ऊठ बाळा."

"शार्लट," ती म्हणाली.

"पहिला हाफ की दुसरा?"

"चल, दुसरा हाफ, दुसरा, दम धर."

"सेकंड."

शेवटचा गुण कुणी केला? त्यांनी. गेल्या आठवड्यात कुणाशी खेळलो? रॉलीशी. जिंकलो की हरलो? मी टाळ्या वाजवत म्हणालो, "जिंकलो, जिंकलो," आणि ती म्हणाली, "वी वन." पाचही उत्तरं बरोबर. कोचने तिच्या दोन्ही डोळ्यांत पाहिलं, क्षणभर थांबला आणि मग रेफरीला अंगठा दाखवला. माझ्या अंगावर अभिमानाने काटा आला. कसला अभिमान, ते देव जाणे.

सहा मिनिटांनी ती पुन्हा टॅकलला गेली. या वेळी वाकलीच नाही. उभ्याने गेली, झोपेत चालल्यासारखी, आणि समोरचीचा खांदा तिच्या हनुवटीवर बसला. ती पाठीवर पडली तेव्हा तिचे दोन्ही हात पुढे ताठ झाले आणि तसेच हवेत राहिले. मी दोरी ओलांडली. कोच माझ्याआधी पोचला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तो उन्हात, चष्मा फेकून दिलेला, त्या वाकड्या बोटांत तिचं डोकं धरून बसला आणि त्याने ते तसूभर हलू दिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला. मेंदूत रक्तस्राव नव्हता. पण मार मोठा होता, आठवडे लागतील, कदाचित महिने, डॉक्टर म्हणाली. लेक मला बघून म्हणाली, "बाबा, कोण जिंकलं?" मराठीत. मी सांगितलं. मिनिटभराने पुन्हा, "बाबा, कोण जिंकलं?" मी पुन्हा सांगितलं. ती तोच प्रश्न विचारत राहिली, त्याच आवाजात, लहानपणी विचारायची तसा. बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. विसाव्या वेळी मला ते ऐकवेना. मी बाहेर पार्किंगमध्ये आलो.

तिथे कोच उभा होता. चिखलाच्या बुटांतच ॲम्ब्युलन्सच्या मागे गाडी घेऊन आला होता. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कशी आहे?"

मी त्याला मारलं. पंचवीस वर्षं खिशात ठेवलेला हात बाहेर आला आणि त्याच्या गालफडावर बसला. माझं बोट मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. मी पुन्हा मारलं, मोडक्या बोटाने, आणि ओरडलो, "तिला परत पाठवलंसच कसं?" तो हलला नाही. त्याने हातही वर केला नाही. नाकातून रक्त ओठांवर आलं ते त्याने चाटलं. सिक्युरिटीवाला धावत आला, तेव्हा कोचच त्याला म्हणाला, "याची मुलगी आत आहे. याचा पाय घसरला, मी धरायला गेलो." सिक्युरिटीवाला बघत बघत परत गेला.

मग कोचने खिशातून वही काढली. पानं उलटली.

"मी पाच प्रश्न विचारले," तो म्हणाला. "मला वाटतं विचारले. तू तिथे होतास. विचारले होते ना मी?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, "मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पालकांना त्याची ईमेल आली. माझी चूक झाली, माझं डोकं आता या कामाचं राहिलं नाही, मुलींना शिकवणं मी थांबवतोय. त्या आठवड्यात त्याच्या गॅरेजमधून धाडधाड आवाज यायचे. एका संध्याकाळी त्यांच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली. नंतर त्याची बायको एक सुटकेस घेऊन आईकडे गेली. तिच्या कोपराला पट्टी होती.

आमच्या घरात लेकीची खोली दिवसभर अंधारी असायची. पडदे बंद, फोन नाही, पुस्तक नाही. तिला मॅच आठवत नव्हती. डॉक्टरने विचारलं तेव्हा तिने नुसती मान हलवली होती. बायको तिला सूप भरवता भरवता कोचला शिव्या द्यायची, "एवढा मोठा प्लेअर म्हणे, आणि एवढं कळू नये?" लेक ऐकायची आणि भिंतीकडे कूस वळवायची. मी दारात उभा असायचो. ती पाच उत्तरं कुणी दिली हे आठवणारा जगात मी एकटाच उरलो होतो, आणि मी तोंड उघडलं नाही तर ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला जेवण जाईना, झोप येईना, आणि तरी मी तीन आठवडे गप्प राहिलो. माझ्यासारख्या माणसाला ठोसा मारायला अर्धा क्षण लागतो आणि खरं बोलायला तीन आठवडे.

चौथ्या रविवारी दुपारी मी बोटाला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्याच्याकडे गेलो. शटर अर्धं वर होतं. आतल्या भिंतीत भोकंच भोकं होती, बर्फाची बादली फुटलेली होती. तो स्टुलावर बसला होता. मला बघून त्याने वहीतलं एक पान उघडून पुढे केलं. तिथे तारखेखाली लिहिलं होतं: प्रश्न विचारले की नाही, आठवत नाही. पोरीला परत पाठवली. पुन्हा कुणाच्या पोरीला हात लावायचा नाही.

"तू विचारले होतेस," मी म्हणालो. "पाचही. उत्तरं मी दिली. मराठीत, दोरीपाशी उभं राहून."

"मला तुझा आवाज येत होता," तो म्हणाला. "मला वाटलं तू तुझ्या देवाचं काही म्हणतोयस."

"नाही."

"हे कुठे शिकलास?"

"तूच सांगितलंस. तुझ्या मित्राची गोष्ट."

त्याला सांगितल्याचं आठवत नव्हतं. "पुढे काय झालं तेही सांगितलं होतं?"

"सांगितलं असशील. मी ऐकलं नाही."

त्याने मला पेन दिलं. "लिही. तुझ्या हाताने. उद्या मी विसरेन." मी त्याच पानाखाली, मोडक्या बोटाने, एकेक प्रश्न लिहिला, उत्तर लिहिलं आणि प्रत्येक उत्तरापुढे लिहिलं: बापाने सांगितलं. पाच वेळा. त्याने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत. वहीला रबरबँड लावला, वही खिशात ठेवली, उठला आणि मला मारलं.

वाकड्या बोटांची मूठ माझ्या डाव्या कानावर बसली. मी लॉनमोवरवर कोसळलो. फरशीची थंडी गालाला लागली आणि कानात पन्नास वर्षांपूर्वीची... नाही, पस्तीसच, पण तीच शिट्टी वाजायला लागली. मान वर केली तर त्याची मूठ पुन्हा उचललेली होती. मी कान झाकला नाही. मला वाटत होतं त्याने मारावं. तो तसाच उभा राहिला, धापा टाकत, आणि मग त्याने हात हळूहळू खाली आणला. ओझं उतरवतात तसा, दुसऱ्या हाताने धरून.

"जा," तो म्हणाला. "पोरीला सांग."

कोच ऑगस्टमध्ये मैदानावर परतला. मी सगळ्या पालकांना ईमेल लिहिली होती. काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं ते आजपर्यंत. आता त्याचा नियम आहे, प्रश्न चालू असताना पालकांनी दोरीपासून वीस पावलं मागे, आणि प्रश्न तो विचारत नाही, ट्रेनर विचारतो. त्याची बायको आली आहे, पण बेडरूमचं दार अजून आतून लागतं. मी कानाचं रक्त काढून घ्यायला डॉक्टरकडे गेलो नाही. मुद्दामच. ते साकळलं आणि वाळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी कानावर हात दाबून घरी आलो आणि लेकीच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन तिच्या पलंगाशी खाली बसलो. ती जागी होती. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात तिने माझा कान पाहिला.

"हू हिट यू?"

"कोचने."

"व्हाय?"

मी सांगितलं. सगळं, क्रमाने. शार्लट, दुसरा हाफ, त्यांनी, रॉली, जिंकलो. पार्किंगमध्ये त्याने विचारलं तेव्हा मी काय म्हणालो, तेही. ती ऐकत होती. तिने मध्ये काही विचारलं नाही आणि तिला आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही.

"आय नो," ती म्हणाली. मग थांबली, आणि मराठीत, शब्द शोधत, म्हणाली, "मला तेवढंच आठवतं, बाबा. मॅच नाही, ॲम्ब्युलन्स नाही. फक्त तुझा आवाज. शार्लट, शार्लट."

"मग आईला सांगितलं का नाहीस? ती रोज कोचला..."

"मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तू सांगशील म्हणून."

बावीस दिवस. एवढे दिवस ती त्या अंधारात भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी दारात उभा राहून समजत होतो की तिचं डोकं दुखतंय. मी तिच्या केसांवर हात ठेवायला गेलो. तिने मान जराशी बाजूला घेतली. मग उशाशी असलेली बर्फाची पिशवी माझ्याकडे सरकवली, कानासाठी.

"आता आईला सांग," ती म्हणाली.

बायको स्वयंपाकघरात होती, लेकीसाठी सूप ढवळत. मी पिशवी तिथेच ठेवली आणि उठलो.